उताण्याची शिट्टी

घाबरू नका मित्रांनो, मी वाजणार नाही. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि शिट्टीला स्वतःचे तोंड नसते. ते कोणाचे तरी उसने घ्यावे लागते. हल्ली मला कोणी तोंडाशी नेत नाही. लाकडाच्या वखारीतल्या ऑफिसात, टेबलाच्या खालच्या खणात, गंजकी बिजागरी, अर्धी मेणबत्ती आणि कोणाचा तरी तुटका चष्मा यांच्या शेजारी मी पडून असते. खण ओढला की थोडा उजेड आत येतो, थोडा भुसा येतो आणि मालकांचा हात येतो. हात मला चुकवून बिजागरी उचलतो आणि निघून जातो. माझी हकीकत ऐकायची तर ऐका, पण ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या दुकानात झाला. दुकान कसले, एका भिंतीला टेकून उभी असलेली काळीकुट्ट खोली. तिथे दिवसभर नळाच्या तोट्या, बोल्ट आणि यंत्रांचे सुटे भाग तयार होत. लेथवाला तोंडाचा फटकळ, पण हाताचा अगदी नेटका माणूस होता. पितळेची कांडी यंत्रात धरून त्याने मला आधी सोलले, मग आतून पोखरले आणि शेवटी माझ्या अंगावर एक तिरपी चीर पाडली. इतर शिट्ट्यांच्या पोटात एक गोटी असते, ती खुळखुळते. माझ्या पोटात तसले काही नाही. मी एकच सरळ, बारीक सूर काढते आणि तो दरवेळी तोच असतो. याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

हे काम एका बाईंनी सांगितले होते. त्या कुत्र्यांना शिकवायच्या, आणि लहानथोर सगळेच त्यांना नुसते 'बाई' म्हणायचे. माझ्या आधीच्या दोन बहिणी त्यांनी नापसंत केल्या होत्या. एकीचा आवाज जोरात फुंकले की फाटायचा, दुसरीचा हळू फुंकले की बसायचा.

"बाई, शिट्टी मागितलीत तुम्ही, बासरी नाही," लेथवाला वैतागून म्हणाला.

"बासरी असती तर चाललं असतं," बाई म्हणाल्या. "बासरी चुकली म्हणून कोणाचा जीव जात नाही."

तिसऱ्या खेपेला मी झाले. बाईंनी मला फुंकले, डोळे मिटून पुन्हा फुंकले आणि काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातले. लेथवाल्याने माझ्याकडे पाहून सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंचे मैदान एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे होते. कुंपणाची जाळी जागोजागी वाकलेली, मधोमध एक पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात बाईंची लाकडी पेटी. पेटीत माझे सोबती राहायचे. चामड्याचे पट्टे होते, लांबलचक सुती दोरी होती, आणि पत्र्याची एक चपटी डबी होती. ती दाबली की 'टिक' वाजायची. कुत्रा बरोबर वागला की त्याच क्षणी डबी वाजायची आणि लगेच त्याच्या तोंडात खाऊ पडायचा. ही डबी स्वतःला हेडमास्तर समजायची. भिंतीवरच्या खिळ्याला एक गळा आवळणारी साखळी टांगलेली होती. कोणीतरी आपला कुत्रा शिकवायला आणला तेव्हा तिच्यासकट आणला होता, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी ती काढून ठेवली होती. 'तुमचे काम महिनाभराचे, माझे एका झटक्याचे,' असे ती आम्हाला ऐकवायची. आम्ही तिच्या तोंडी लागत नव्हतो.

माझे काम कसे चालायचे ते जरा नीट सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. सुरुवातीला बाई मला वाजवून कुत्र्याला बोलवायच्याच नाहीत. जेवणाची थाळी खाली ठेवायच्या आणि ठेवता ठेवता मला वाजवायच्या. असे रोज. त्यामुळे माझा आवाज म्हणजे काहीतरी चांगले आले, एवढे कुत्र्याच्या डोक्यात पक्के बसायचे. मग जवळून वाजवायच्या, मग लांबून. पट्ट्याला लांब दोरी असायची, पण ती कधी ओढायची नाही. कुत्रा रस्त्यावर पळू नये एवढ्यापुरतीच ती. कुत्रा निघाला की बाई गुडघ्यांवर बसून हात पसरायच्या. तो आला की आधी पट्टा हळूच धरायचा, मग कमरेच्या पिशवीतून उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा आणि मग पट्टा सोडून म्हणायचे, "जा, खेळ."

"आलोय तर मला धरून ठेवतात, खेळ संपवतात, असं त्याला कळलं तर तो कशाला येईल?" बाई लोकांना समजावायच्या. "मी शिट्टी वाजवते म्हणजे त्याला शब्द देते. शब्द पाळायचा नसेल तर वाजवू नये."

किती कुत्रे आले आणि शिकून गेले, मी मोजले नाही. त्या वर्षांत मी फार सुखी होते. आपल्या आवाजासरशी लांबून कोणीतरी कान मागे टाकून, जीभ बाहेर काढून, आनंदाने आपल्याकडे धावत सुटते, यासारखे दुसरे सुख मला ठाऊक नाही.

एक दिवस वखारीचे मालक आले. आडव्या बांध्याचा माणूस, भुवयांवरसुद्धा भुसा. करवतीच्या वरताण ओरडायची सवय असल्यामुळे साधे बोलणेही मोठ्याने. काखेत एक तपकिरी पिल्लू होते, त्याचा एक कान उभा आणि दुसरा पडलेला.

"बाई, हात देणं, उड्या मारणं, चप्पल आणणं असलं काही नको मला," ते म्हणाले. "एकच पाहिजे. बोलावलं की आला पाहिजे. कुठेही असो, काहीही करत असो."

बाईंनी कारण विचारले, तेव्हा मालकांचा आवाज खाली आला. वखारीत ओंडक्यांचे ट्रक उलटे आत येतात. फळ्यांच्या दोन उंच थप्प्यांमधून अरुंद वाट आहे आणि तिथे ड्रायव्हरला मागचे काही दिसत नाही. आधीची कुत्री त्या वाटेत ट्रकखाली गेली होती.

"आमच्या पोरीसमोर झालं ते," मालक म्हणाले. "बरेच दिवस धड जेवली नाही. झोपेत दचकायची. ते परत व्हायला नको, बाई. बाकी मला काही नको."

पिल्लाचे नाव पोरीने ठेवले होते: उताण्या. कारण तो चारी पाय वर करून, गुलाबी पोट उघडे टाकून, ढगांकडे तोंड करून झोपायचा. बाईंना हे नाव फार आवडले. "जगात आपलं कोणी वाईट करणार नाही अशी खात्री असते ना, तोच असा झोपतो," त्या म्हणाल्या.

उताण्या हुशार होता म्हणण्यापेक्षा खादाड होता, आणि आमच्या धंद्यात खादाड असणे ही मोठी गुणवत्ता आहे. माझा आवाज त्याच्या रक्तात भिनला. दुसऱ्या कुत्र्याशी दंगा चालू असो, टाकीखालच्या बेडकाशी ओळख चालू असो, मी वाजले की तो निघालाच. धावताना त्याचा पडलेला कान वाऱ्याने उभा राहायचा.

शिक्षण पुरे झाले तेव्हा बाई त्याला आणि मला घेऊन वखारीत आल्या. सगळे अंगणात जमले: करवतवाला, हमाल, मालकीणबाई, खुर्चीत बसलेले आप्पा, म्हणजे मालकांचे वडील, आणि पायरीवर उभी असलेली मालकांची दहाएक वर्षांची मुलगी. घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला बारकी म्हणायचे. तेवढ्यात भिंतीवरून एक मांजर उतरले आणि उताण्या त्याच्या मागे सुटला. बाईंनी मला ओठांशी नेले. मी वाजले. उताण्याने भर धावेत अंग वळवले, भुशाचा लोट उडाला, आणि मांजर सोडून तो बाईंच्या हातात येऊन थडकला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! करवतवाल्याने तर पोत्यावर चढून शिट्टी वाजवली, तोंडाने.

त्या गलक्यातच बाई मालकांना म्हणाल्या, "आता नीट ऐका. ही वाजवून बोलावलंत तर आल्यावर त्याला चांगलंच मिळालं पाहिजे. खाऊ, खेळ, निदान दोन शब्द कौतुकाचे. अंघोळ, औषध, बांधणं, रागावणं, यासाठी ही शिट्टी नाही. घरातल्या सगळ्यांना सांगा."

"हो हो बाई, अगदी अगदी," मालक म्हणाले. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि कान टाळ्यांकडे. कसे फुंकायचे ते त्यांनी बरोबर ऐकले. कधी फुंकायचे नाही, ते त्यांच्या कानावरून गेले. बाईंनी पुन्हा एकदा सांगितले, तोवर फाटकात गिऱ्हाईक आले होते.

सुरुवातीचे दिवस मात्र छान गेले. मी मालकांच्या गळ्यात होते. त्यांच्या तोंडाला कायम चहाचा वास. खिशात पावाचे तुकडे असत, आणि उताण्या आला की ते मनापासून द्यायचे. एकदा तो त्या अरुंद वाटेत घुशीच्या बिळात नाक खुपसून बसला होता आणि ट्रक मागे येत होता. मी वाजले. तो उठला आणि थेट मालकांपाशी आला, आणि ट्रकचे चाक बिळावरून गेले. मालकांनी त्याला उचलून छातीशी धरले. पुढे कितीतरी दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकीकत ऐकावी लागली.

"बटण आहे, बटण!" मला दोन बोटांत धरून मालक म्हणायचे. "दाबलं की हजर!"

मित्रांनो, घात झाला तो इथे. मी बटण आहे असे त्यांना खरेच वाटू लागले.

बटण म्हटल्यावर ते दाबायला कोण मागे राहणार? मालकीणबाईंना कुत्र्याला अंघोळ घालायची असे. "अहो, जरा वाजवा ना, माझ्या हाताला तो लागत नाही." मी वाजले, उताण्या धावत आला आणि थेट थंड पाण्याच्या बादलीत गेला. त्याच्या कानात फोड झाला, तेव्हा झोंबणारे औषध घालायला मला वाजवले. गिऱ्हाइके आली की त्याला साखळीने बांधायचे, त्यासाठी मला वाजवले. तो फाटकाबाहेर इतर कुत्र्यांशी मजेत खेळत असला, की मला वाजवून आत घ्यायचे आणि फाटक लावायचे.

आप्पांचे आणखी वेगळे. त्यांच्याकडे गप्पा मारायला म्हातारी मंडळी जमत. "गंमत बघा," असे म्हणून ते मला मागून घेत आणि फुंकत. उताण्या येई, त्यांच्या हाताचा वास घेई, हात रिकामा, दुसऱ्या हाताचा वास घेई, तोही रिकामा. "पाहिलंत?" आप्पा म्हणत आणि सगळे हसत. तो परत गेला की पुन्हा वाजवत. एकदा आप्पांनी इतका जोर लावला की माझ्यासोबत त्यांची कवळीच बाहेर पडली. उताण्याने ती उचलून अदबीने त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या दिवशी तरी त्याला काहीतरी मिळायला हवे होते. पण हसण्याच्या नादात कोणाला सुचले नाही.

आणि असेही नाही की ही माणसे दुष्ट होती. अंघोळ त्याच्या भल्याची होती, औषध त्याच्या भल्याचे होते. पण कुत्र्याला भले दिसत नाही, त्याला फक्त पुढे काय होते ते दिसते.

आधी तो धावत यायचा. मग दुडक्या चालीने यायला लागला. मग येताना वाटेतल्या प्रत्येक फळीचा वास घेत, पाय खाजवत, वेळ काढत यायला लागला. पुढे पुढे तर हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभा राहून तो मालकांचे हात निरखायचा: पाव आहे की साखळी? "माज आलाय याला," मालक म्हणायचे आणि मला अधिक जोरात फुंकायचे. तो जितका हळू, तितका माझा आवाज मोठा. दिवसभर मी वाजत राहिले. वखारीतल्या माणसांना माझी इतकी सवय झाली की करवतीच्या घरघरीसारखीच मीही कोणाला ऐकू येईनाशी झाले.

बारकीला मला हात लावायची परवानगी नव्हती. "खेळणं नाही ते," मालक म्हणायचे. ती पायरीवर बसून नुसते "ये, ये, ये" म्हणायची, अगदी हळू, आणि उताण्या कुठूनही येऊन तिच्या मांडीवर पोट वर करून पडायचा. तिच्या फ्रॉकच्या खिशात टोस्टचा चुरा असायचा. चुरा नसला तरी तो यायचा.

एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, उताण्याला शिट्टी आवडत नाही आता."

"कुत्र्याला कसली आलीय आवडनिवड?"

"बाईंना एकदा विचारून तर बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

"शिकून आलेल्याला परत पहिलीत बसवू? लोक हसतील मला." आणि मालकांनी भाकरीचा घास मोडला. विषय तिथेच संपला.

मग ती दुपार आली. ट्रक मागे येत होता, उताण्या वाटेत होता, मालकांनी मला फुंकले. तो उठला, पण थबकत, मागे पाहत निघाला. ड्रायव्हरला आरशाच्या कडेला क्षणभर काहीतरी हललेले दिसले म्हणून त्याने ब्रेक दाबला. वरचे ओंडके करकरले. उताण्या चाकासमोरून निसटून, शेपूट पोटाशी घेऊन, तरीही मालकांपाशी आला. त्यांच्या पायांशी येऊन उभा राहिला.

मी मालकांच्या छातीवर लटकत होते. त्यांचे काळीज कसे धडधडत होते ते मला ठाऊक आहे. त्यांनी बाजूची फळीची पट्टी उचलली आणि उताण्याला मारायला सुरुवात केली.

"मरायचंय? मरायचंय का तुला? वेळेवर यायला काय होतं? काय होतं, सांग!"

मारताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते रागाचे नव्हते, भीतीचे होते. त्यांना उताण्या हवा होता, म्हणून ते मारत होते. पण हे उताण्याला कोण सांगणार? त्याने पाहिले ते एवढेच: शिट्टी वाजली, मी गेलो, पट्टी बसली. बारकी धावत येऊन त्याच्यावर आडवी पडली, तेव्हा मालकांचा हात थांबला.

त्यानंतर उताण्या पोट वर करून झोपला नाही. कोपऱ्यात वेटोळे करून, तोंड दाराकडे ठेवून झोपायचा आणि पाऊल वाजले की एक डोळा उघडायचा. बारकीजवळसुद्धा तो आता कुशीवर पडायचा. नाव तेच राहिले, फक्त हाक मारायला.

आणि मी वाजले की तो एक नवीन गोष्ट करू लागला. तो येईना, पळेना. असेल तिथे जमिनीला चिकटून, कान पाडून, डोळे बारीक करून निपचित पडायचा. बघ, मी खाली पडलोय, मी लहान आहे, मला मारू नको, असे कुत्र्यांच्या भाषेत त्याचे म्हणणे होते. मालकांना वाटले, मार लागू पडला. निदान बसतो तरी जागेवर.

शेवटचा ट्रक आला तेव्हा करवत बंद होती आणि माणसे जेवायला गेली होती. बारकी पायरीवर होती. ट्रक उलटा वाटेत शिरला. मालक बाजूला उभे राहून हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे." उताण्या दोन थप्प्यांच्या मधल्या सावलीत पडला होता, हे त्यांना उशिरा दिसले.

त्यांनी मला फुंकले. उताण्या जागच्या जागी जमिनीला चिकटला.

ट्रक येत होता. मालक ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात ते ड्रायव्हरला कळले नाही. ते श्वास घ्यायला थांबले, आणि तेवढ्या उसंतीत पायरीवरून बारकीची हाक आली, "उताण्या, ये, ये, ये!" उताण्याने मान उचलली. त्याचा उभा कान तिच्याकडे वळला. तो पुढच्या पायांवर उठला, मागचे पाय उचलू लागला. तो येणार होता. मित्रांनो, तो येतच होता.

आणि मालकांनी जीव खाऊन मला पुन्हा फुंकले. माझ्या आवाजाखाली तिची हाक बुडाली. उताण्या परत खाली बसला, हनुवटी जमिनीला टेकवली आणि डोळे मिटले.

पुढचे मी सांगणार नाही. तुम्हाला ते कळले आहे.

ड्रायव्हर खाली उतरला आणि चाकाशेजारीच मटकन बसला. "शिट्टी ऐकली मी, मालक," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पण ती तर इथे दिवसभर वाजते. मला वाटलं, नेहमीचीच."

बारकी रडली नाही. ती मालकांसमोर येऊन उभी राहिली. "मी बोलावत होते," ती म्हणाली. "तो माझ्याकडे यायला उठला होता. तुम्ही वाजवलीत."

मालकांनी मला गळ्यातून काढले, ऑफिसात नेऊन या खणात टाकले आणि खण लावला. वखारीच्या मागे खड्डा खणल्याचा आवाज मी खणातूनच ऐकला.

काही दिवसांनी बाई आल्या. कोणी कळवले ते मला माहीत नाही. टेबलाभोवती सगळे बसले होते आणि बाईंनी मला खणातून काढून हातात घेतले, पदराने माझे तोंड पुसले. त्या कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "ही वाजल्यावर तो यायचा, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"मी अंघोळ घालायची," मालकीणबाई म्हणाल्या, आणि मग हळूच, "औषधही."

"मी काहीच नाही करायचो," आप्पा म्हणाले. "नुसती गंमत." एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली.

मालक बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा भुसा बोटाने गोळा करत राहिले. "त्या दिवशी मी घाबरलो होतो, बाई," ते शेवटी म्हणाले. "तो वाचला म्हणून मारलं मी त्याला."

बाईंनी मला परत खणात ठेवले. "मी तुम्हाला सगळ्यांना बसवून सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना कोणी चहासुद्धा विचारला नाही, इतके सगळे सुन्न होते.

वखारीत त्यानंतर कुत्रा आला नाही. दिवस गेले, करवत चालू राहिली. बारकी शाळेतून येऊन पायरीवर बसायची आणि गृहपाठ करायची. पूर्वीसारखी बडबड नव्हती.

एका संध्याकाळी तिचा पाय लागून पॉलिशचा डबा कलंडला आणि नुकत्याच रंधा मारून ठेवलेल्या, गिऱ्हाइकाला द्यायच्या फळ्यांवर काळपट डाग पसरला. खण अर्धा उघडा होता, म्हणून मला दारातून सगळे दिसत होते. मालकांनी खुर्चीतूनच आवाज दिला, "बारके! इकडे ये आधी!"

बारकी आली नाही. ती पळालीही नाही. थप्पीला पाठ लावून, खांदे कानांपर्यंत आखडून, डोळे बारीक करून जागच्या जागी उभी राहिली.

मालकांनी आणखी मोठ्याने हाक मारायला तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. ते तिच्या खांद्यांकडे पाहत होते. मग ते उठले. फळ्या ओलांडून तिच्यापर्यंत चालत गेले. ती आणखी आकसली. ते भुशातच तिच्यासमोर बसले.

"पायाला लागलं का?" त्यांनी विचारले.

तिने मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "मारणार आहात?"

"नाही."

"मग बोलावलंत कशाला?"

दोघे तसेच समोरासमोर राहिले, ती उभी आणि ते खाली, आणि पॉलिश फळ्यांवरून ठिबकत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू असेल, नाहीतर धाकटा भाऊ असेल, बहीण असेल. तुमच्या हाकेला कोणीतरी येत असेल. तो आला की आल्याबद्दल आधी त्याला बरे वाटू द्या, मग तो कितीही उशिरा आलेला असो, काहीही सांडून आलेला असो. रागावायचेच असेल तर त्याला बोलावू नका. आपण उठा आणि चालत त्याच्यापर्यंत जा. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा.

उताण्या वाईट कुत्रा होता असे अजून काही लोक वखारीत म्हणतात. इतके शिकवले, तरी ऐन वेळी आला नाही, म्हणतात. तसे नाही हो. यायला त्याला बाईंनी शिकवले आणि न यायला आम्ही. दोन्ही तो मन लावून शिकला.